धम्म सांगणे सोपे नाही

वर्षावास सुरू झाला की आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. रोज संध्याकाळी कोणीतरी पुढे बसतो, त्रिशरण-पंचशील देतो, वंदना घेतो, चार पाने वाचतो आणि त्यावर बोलतो. हा माणूस बहुतेक ठिकाणी भिक्खू नसतो. तो बौद्धाचार्य असतो किंवा दिवसभर राबून आलेला साधा उपासक. हा केवढा मान आहे, याचा आपल्याला विसर पडत चालला आहे.

आपल्या पणजोबांना देवळाची पायरी चढता येत नव्हती. त्यांची पतवंडे आज भरल्या सभेला पाली गाथा सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि नंतर लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. गृहस्थाने गृहस्थांना दिलेली ती दीक्षा होती. विहारात पुढे बसणाऱ्या प्रत्येक उपासकाचा अधिकार तिथून येतो. तथागतांनीही धम्म सांगणाऱ्या उपासकांमध्ये चित्त गृहपतीला अग्र म्हटले होते.

पण अधिकार आहे म्हणून काम सोपे होत नाही. अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या घोषितारामात भिक्खू उदायी गृहस्थांच्या मोठ्या सभेला धम्म सांगत बसले होते. आनंदांनी हे तथागतांना कळवले. तथागत म्हणाले की, इतरांना धम्म सांगणे सोपे नसते, आणि त्यांनी सांगणाऱ्यासाठी पाच गोष्टी घालून दिल्या: क्रमाने सांगावे, कारण देऊन सांगावे, करुणेने सांगावे, लाभासाठी सांगू नये, स्वतःला किंवा दुसऱ्याला न दुखावता सांगावे.

या पाचही गोष्टींची आज कसोटी लागते. निवडणुकीच्या वर्षात धम्मदेसनेचे प्रचारसभेत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. तिथे चौथी अट मोडते. पाचवी अट त्याहून अवघड. देवदेवतांची टिंगल केली की तरुण पोरे टाळ्या वाजवतात. पण ज्या माऊलीच्या घरात अजून एखादा देव्हारा उरला आहे, ती दुसऱ्या दिवशी विहारात येत नाही. बावीस प्रतिज्ञा स्पष्टच आहेत, त्यात आम्ही पाणी घालायला सांगत नाही. प्रतिज्ञेमागचे कारण समजावून सांगणे वेगळे आणि समोरच्याला हसणे वेगळे. पहिल्याला तयारी लागते, दुसऱ्याला फक्त माइक.

वंदना तर आपल्याला तोंडपाठ असते, आणि अडचण तिथेच सुरू होते. पंचशीलातला ‘समादियामि’ हा एकच शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘मी स्वीकारतो’. ‘आम्ही’ नव्हे, ‘मी’. विहारात पाचशे माणसे एका सुरात म्हणत असली तरी प्रत्येकजण आपल्यापुरते वचन देतो. हे महिन्यातून एकदा जरी समजावून सांगितले तरी म्हणणाऱ्याचा आवाज बदलतो. आणि मद्यपानाचे पाचवे शील देताना सांगणाऱ्याचाही आवाज बदलायला हवा. कोण संध्याकाळी कुठे बसतो, हे वस्तीला ठाऊक असते.

चालीबद्दलही बोलले पाहिजे. लांबलचक गायकी सुरात धम्म म्हणण्याचे पाच दोष तथागतांनी सांगितले आहेत. पहिला दोष असा की, म्हणणारा स्वतःच्याच आवाजावर भाळतो. कर्णा लावून सिनेमाच्या चालीत वंदना म्हणणाऱ्यांनी हा उपदेश जरूर वाचावा. भीमगीतांची गोष्ट निराळी. ती गाण्यासाठीच आहेत. वंदना मात्र अशा ठाय लयीत हवी की मागच्या ओळीतल्या मुलालाही शब्द उचलता यावा.

नव्याने पुढे बसणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे थोडके आहे. एका दिवशी एकच उतारा घ्या. तो घरी तीनदा वाचा. वीस मिनिटांत थांबा. बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची असते.

आणि याच बायका विहारात संख्येने जास्त असूनही माइक त्यांच्या हाती क्वचितच जातो. खुज्जुत्तरा ही कोसंबीच्या राणी सामावतीची दासी होती, पाठीने वाकलेली. तथागतांचा उपदेश ऐकून ती महालात परतली आणि जे ऐकले ते सांगू लागली. अट्ठकथा सांगते की राणीने तिला सुगंधी पाण्याने स्नान घातले, स्वच्छ वस्त्रे दिली, उंच आसनावर बसवले, आणि स्वतः इतर स्त्रियांसह खाली बसून दासीच्या तोंडून धम्म ऐकला. पुढे तथागतांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये तिलाच अग्र म्हटले.