जेऊरचे खग्रास ग्रहण आणि एक विस्मृत ज्योतिर्विद

पुण्याहून सोलापुरास येताना लोहमार्गावर जेऊर नावाचे स्थानक लागते. आमच्या सोलापूरकर वाचकांपैकी किती तरी जण त्या स्थानकावरून अनेकवार गेले असतील. करमाळे तालुक्यातील या गावी 22 जानेवारी 1898 रोजी भर दुपारी सुमारे दोन मिनिटे सूर्य पूर्णपणे झाकला गेला, आणि तो पाहण्यास थेट अमेरिकेहून ज्योतिर्विद येऊन उतरले होते, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल.

ग्रहण म्हटले की आपल्या घरांत वेध, स्नान आणि दान यांची आठवण प्रथम होते. ज्योतिर्विदास त्या दोन मिनिटांचे मोल निराळे वाटते. एरवी सूर्यबिंबाच्या झगझगाटात लोपलेले त्याचे वातावरण तेवढ्यापुरते दृष्टीस पडते. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी त्याकरिता 40 फूट लांबीचा कॅमेरा जेऊरच्या माळावर उभारला होता. त्यांची पत्नीही त्या प्रवासात सोबत होती. त्याच परिसरात पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील एका प्राध्यापकाचाही तळ पडला होता. प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला हे त्यांचे नाव. तो काळ तरी कसा! सोलापूर जिल्हा नुकताच दुष्काळातून निघालेला, आणि मुंबई-पुण्यास प्लेगने पछाडलेले. अशा दिवसांत नाजूक यंत्रे आणून हा उद्योग तडीस नेण्यास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नायगमवाला यांचा जन्म 1857 चा. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक असताना 1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 5,000 रुपये देणगी दिली. सरकारने तितकीच भर घातली, आणि या पैशांतून पुण्यास 1888 साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. पुढे तेथे 20 इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण आली. त्या काळी हिंदुस्थानात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

परंतु या गृहस्थाचे खरे मोठेपण आम्हांस दुसऱ्याच एका प्रसंगात दिसते. चुलीत मिठाचे खडे पडले की ज्वाला पिवळी होते, हे आपल्या गृहिणींस सांगावयास नको. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपल्या ठराविक रंगाचा प्रकाश देते. तो प्रकाश लोलकातून पसरविला की त्या द्रव्याच्या खुणेच्या रेषा दिसतात. मृगनक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा आढळे, आणि ती कोणत्या द्रव्याची याविषयी मोठा वाद माजला होता. इंग्लंडचे नामांकित ज्योतिर्विद सर नॉर्मन लॉकियर म्हणत की ती मॅग्नेशियमची. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, हा त्यांचा सिद्धान्त या मतावर टेकलेला होता. आता मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूस रेखीव, तर दुसऱ्या बाजूस पुसट होत गेलेला असतो. नायगमवाला यांनी 1891 साली पुण्याहून वेध घेतले, तो ती रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव असल्याचे आढळले. लॉकियर यांच्याविषयी त्यांस आदर होता, तथापि डोळ्यांस जे दिसले तेच त्यांनी लंडनच्या ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात छापले. लिक वेधशाळेच्या कीलर यांनीही सूक्ष्म मोजमापे करून मॅग्नेशियमचे मत त्याज्य ठरविले. अखेर 1927 साली बोवेन यांनी उलगडा केला, की ही रेषा अतिविरळ अवस्थेतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. ग्रंथांत बोवेन यांचे नाव येते, आणि ते यथायोग्यच आहे. पण चुकीची वाट बंद करणाऱ्यांत एक माणूस पुण्याचा होता, याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर जेऊरच्या त्या दोन तळांच्या पुढील इतिहासात आहे. कॅम्पबेल 1901 साली लिकचे संचालक झाले. 1922 च्या ग्रहणात त्यांच्या मंडळीने घेतलेल्या छायाचित्रांनी आइन्स्टाइनच्या सिद्धान्तास बळकटी दिली. जेऊरचा अनुभव त्यांच्या संस्थेत पुढे चालत राहिला. इकडे नायगमवाला यांनी जेऊरच्या वेधांचा अहवाल 1902 साली प्रसिद्ध केला. 1912 साली ते सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही मिटली. यंत्रे कोडाईकॅनॉलला रवाना झाली.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. कर्त्या पुरुषाच्या मागे भांडीकुंडी उरतात, पण हाताखाली कोणी तयार झालेला नसला की घरची विद्या त्याच्याबरोबर जाते. देणगी मिळाली, दुर्बीण आली, बुद्धिमान पुरुषही लाभला. उणीव राहिली ती पुढे चालविणाऱ्यांची. आज आपण शाळा-कॉलेजांस उदार मनाने देणग्या देतो. त्या देताना इमारतीबरोबर शिष्यांचीही चौकशी करावी, इतकेच आमचे सुचविणे आहे.

आणि यापुढे गाडी जेऊरवरून जाऊ लागली म्हणजे मुलांस खिडकीपाशी बोलावून बाहेरचा माळ अवश्य दाखवावा, आणि नायगमवालांचे नाव एकदा त्यांच्या कानांवर घालावे.