तापमापीची जागा

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता इंदूरहून चिरंजीवांकडे ह्यूस्टनला गेलो होतो. टेक्सासात परसात मांस धुरावर शिजविणे हा सुटीच्या दिवसाचा सोहळाच असतो. चिरंजीवांकडेही लोखंडी पिंपाचा स्मोकर आहे. तळाशी निखारे, त्यांवर ओकचे लाकूड, मध्ये जाळी, वर झाकण आणि झाकणावर घड्याळासारखी तबकडीची तापमापी.

एका रविवारी जाळीवर अख्खी कोंबडी ठेवली. तबकडी १२० अंश सेल्सिअस दाखवीत होती. अडीच तासांनी कातडी सुरेख तांबूस दिसू लागली. नातवाच्या ताटात मांडीचा तुकडा पडला, तोच सूनबाईंनी ताट मागे ओढले. सांध्यापाशी मांस कच्चे होते! स्वयंपाकघरातील लहान तापमापी खुपसून पाहिली, तो आत अवघे ५८ अंश. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत तापल्याखेरीज खाऊ नये, असे अमेरिकेचे कृषिखाते बजावते. साल्मोनेलासारखे जंतू कच्च्या मांसात जिवंत राहतात आणि लहान मुलांना ते फार बाधतात.

तबकडीला दोष देण्यात अर्थ नव्हता. उष्ण हवा वर चढते. तबकडीने झाकणापाशी जे होते ते सांगितले. कोंबडी मात्र हातभर खाली होती. तेव्हा तापमापी जाळीपाशी नेणे हाच उपाय, असे ठरले.

बाजारात लांब तारेचे प्रोब मिळतात. झाकणाखालून तार घेतली, तर झाकण नीट बसत नाही आणि तारही चेपते. म्हणून पुढल्या शनिवारी पितापुत्रांनी ड्रिल हाती घेतले. पिंप थंड असताना जाळीच्या किंचित वर, निखाऱ्यांपासून दूर खूण केली. आधी बारीक भोक पाडून ते १२ मिलिमीटरपर्यंत वाढविले. कडा कानशीने घासली, गंजू नये म्हणून तिला उष्णता सोसणारा रंग दिला आणि भोकात सिलिकोनचे बूच बसविले. बुचातून दोन प्रोब आत गेले: एक जाळीलगतची हवा मोजण्यासाठी, दुसरा मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता. तारेला ज्वाळा लागणार नाही एवढे पाहिले. पहिल्याच खेपेस कळले, झाकणावर १२० अंश असताना जाळीवर ९५ अंशच होते!

प्रोब वापरण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात १०० अंश दिसले पाहिजेत. मात्र आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हे ठाऊक नसेल, तर माणूस चांगली तापमापी बिघडली म्हणून टाकून देईल.

आणखी एक गंमत पाहिली. मांसाचा मोठा तुकडा ६५-७० अंशांवर येऊन तासन्‌तास अडतो. नवखा माणूस घाबरून विस्तव वाढवितो. वस्तुतः मांसातील ओलावा बाहेर येऊन वाफ होतो आणि आपल्या माठातील पाण्याप्रमाणे मांस गार राखतो. अशा वेळी धीर धरणे एवढेच करावे.

ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, त्या भगिनींनाही हा अनुभव उपयोगी पडावा. भट्टीत केक वरून करपतो व आतून कच्चा राहतो, तेव्हा भट्टीवरचा आकडा पुन्हा वाचण्यापेक्षा तो कोठला आहे, हे आधी पाहावे. निघण्याच्या आदल्या रविवारी नातवाने स्वतः आकडा वाचला, "आजोबा, ७६!" आणि मगच ताटे मांडली गेली.