मनाच्या दुखण्यात जात आड आली तर? कायदा काय सांगतो, तक्रार कुठं करायची?

बुलडाणा : गावात चोरी झाली की संशय आधी कुणावर जातो? पारधी बेड्यावर. रात्री-बेरात्री गाडीचा उजेड पडला की लेकरं आईला बिलगतात. वर्षानुवर्षं असंच चाललं की झोप उडते, छाती धडधडते, डोकं दुखतं, कामात मन लागत नाही. कोणी दारू जवळ करतं. तपासणीत काही सापडत नाही, कारण दुखणं धास्तीचं असतं.

ही धास्ती आजची नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यातून पारध्यांसह अनेक जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगाराचा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. लोकांच्या डोक्यातला शिक्का गेला नाही. जातीवरून अपमान सोसणाऱ्या इतर वस्त्यांतही असं दुखणं असतं.

दवाखान्यात काय चुकतं?

असा माणूस दवाखान्यात गेला आणि ‘हे लोक पितातच’ म्हणून गोळ्या देऊन वाटेला लावला, तर दारू दिसते, दारूमागची भीती दिसत नाही. बोलणारा मुद्दाम बोलला नसेल, पण नुकसान व्हायचं ते होतंच. एकदा अपमान झाला की माणूस पुन्हा ती पायरी चढत नाही. म्हणून ‘काय होतंय?’ याच्यासोबत ‘तुमच्यावर काय बेतलं?’ हेही विचारलं पाहिजे.

हक्क काय आहेत?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे :

• जात, धर्म, लिंग, वर्ग यावरून भेदभाव न करता सरकारी यंत्रणेत मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे (कलम १८).

• आजार आणि उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते (कलम २२). मराठी नीट समजत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

• रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते (कलम २३).

• सेवेत कमतरता राहिली तर आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांकडे तक्रार करता येते. समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे (कलम २८).

तक्रार लेखी द्या. तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते लिहा. पोच घ्यायला विसरू नका.

दवाखान्यात जायची हिंमत होत नसेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.