बोडी आटली म्हणजे जीव संपला असं नाही. गाळ काढण्याआधी हे वाचा

गडचिरोली : एप्रिल-मे आला की आपल्या बोड्या आणि मामा तलाव आटतात. तळाला भेगा पडतात. पण पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की त्याच बोडीत गोगलगाय, खेकडा, मरळ दिसायला लागते. हे येतात कुठून? काही मच्छी नाल्याच्या पाण्यासोबत चढते. पण बरेच जीव उन्हाळाभर तिथंच असतात, गाळात.

रत्नागिरी, मालवणच्या खडकाळ समुद्रकिनाऱ्यावरही असंच चालते. तिथं दिवसातून दोनदा ओहोटी येते, पाणी मागे सरते आणि खडक उघडे पडतात. तेव्हा गोगलगायी शिंपल्याचं झाकण लावून ओल आत धरतात, खेकडे कपारीत शिरतात. भरती आली की पुन्हा बाहेर. त्यांना काही तास काढायचे असतात, आपल्या बोडीतल्या जीवांना अख्खा उन्हाळा.

गोगलगाय गाळात शिरते, झाकण घट्ट लावते आणि पाऊस येईपर्यंत निजते. तिला पाण्यासाठी कल्ले आणि हवेसाठी फुप्फुस, दोन्ही असतात. खेकडा ओल लागेपर्यंत बीळ खोदत खाली जातो. मरळ आणि मागूर वरची हवा घेतात, म्हणून ओल्या चिखलातही काही काळ तगतात. रोहू, कतला यांना हे जमत नाही, पाणी संपलं की ते मरतात. कमळाचे कंदही गाळातच टिकून असतात.

आता मुद्दा आपल्या कामाचा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 पासून आहे. गाळ काढलाच पाहिजे, पाणी वाढते आणि बांधीला खतही मिळते. पण एकाच उन्हाळ्यात जेसीबीने पूर्ण तळ खरवडला तर निजलेले जीवही ट्रॉलीत जातात. मी स्वतः एका वर्षी गाळ आणून बांधीत पसरवला. दुसऱ्या दिवशी उन्हात गोगलगायी मरून पडलेल्या दिसल्या. तेव्हा कळलं.

म्हणून अर्धी बोडी यंदा, अर्धी पुढच्या वर्षी करा. सगळ्यात खोल, ओला भाग शेवटी घ्या, जमलं तर सोडूनच द्या. ट्रॉली भरताना जिवंत मरळ, खेकडा दिसला तर त्या ओल्या भागात सोडा. पावसाळ्यात ज्यांच्या घरी बोडीतल्या मच्छीवर चूल पेटते, त्यांच्यासाठी एवढं करायला पैसा लागत नाही.