नियमाचा अर्थ आणि सूत्रधाराचा अधिकार

खेळाच्या नियमांचा विचार वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत आणणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. खेळ हा करमणुकीचा विषय आणि नियम हा सोयीचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या खेळाचा नियमग्रंथ शेकडो पृष्ठांचा आहे, ज्यातील प्रत्येक चाल बोललेल्या वाक्याच्या रूपानेच अस्तित्वात येते, आणि ज्यात त्या वाक्याचा व त्या ग्रंथाचा मेळ घालण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवलेले असते, त्या खेळाला अर्थनिर्णयाचा प्रश्न टाळता येत नाही. आणि अर्थनिर्णय हा तर समीक्षेचा घरचाच प्रश्न होय.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांपैकी पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. आज बंगळूरसारख्या शहरात नोकरीधंद्यानिमित्त देशभरातून आलेली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी एखाद्या घरी किंवा पटावरच्या खेळांसाठी चालवलेल्या उपाहारगृहांत जमून तो खेळतात. चारपाच खेळाडू एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. उरलेला एक जण स्थळाचे वर्णन करतो, शत्रूपासून भटारखान्यातल्या आचाऱ्यापर्यंत इतर सर्व पात्रे वठवतो, आणि नियमाचा अर्थ सांगतो. ह्याला इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मराठीत सूत्रधार म्हणण्यास हरकत नसावी. खेळाडू आपल्या पात्राने काय केले ते सांगतो. फळ अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकला जातो. आणि त्या अंकाचा अर्थ सूत्रधार कथेत उतरवतो.

बंगळुरास असा सभेतला वाक्क्रीडेचा प्रकार अगदीच परका नाही. 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या तेथील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये ह्याने ‘राधामाधवविलासचंपू’त केले असून वि. का. राजवाडे ह्यांनी 1922 साली ते विस्तृत प्रस्तावनेसह छापले. बारा भाषांत रचना करण्याची ग्वाही देणाऱ्या ह्या कवीने दरबारातल्या समस्यापूर्तीही नोंदवून ठेवल्या आहेत. समस्या देणारा एक चरण देतो, कवीने उरलेले पद्य असे रचायचे की त्या विचित्र चरणाला अर्थ यावा. चरण बदलण्याची मुभा नाही. बाकी सर्व मुभा आहे. नियम आणि स्वातंत्र्य ह्यांची अशी वाटणी हे ह्या नव्या खेळाचेही मर्म आहे. फरक इतकाच, की समस्यापूर्तीत बंधन एका ओळीचे असते आणि ते सर्वांना ऐकू आलेले असते. येथे ते ग्रंथभर पसरलेले असते आणि अनेकदा त्याचा अर्थच वादग्रस्त असतो.

एक उदाहरण घेतल्यावाचून हा वाद नेमका कशाचा ते कळणार नाही. खेळाच्या 2014 च्या आवृत्तीत अग्निगोलाचा एक मंत्र आहे. कोणी अंगावर घातलेल्या वा हाती धरलेल्या नसतील अशा ज्वालाग्राही वस्तू त्याने पेट घेतात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. त्याच ग्रंथात ‘शीतशंकू’ म्हणता येईल असा दुसरा मंत्र आहे: मांत्रिकाच्या हातांतून गोठवणाऱ्या हवेचा झोत निघतो, जीवांना इजा होते, आणि त्याने मेलेला जीव वितळेपर्यंत हिमपुतळा होऊन राहतो. पाण्याविषयी एक अक्षरही नाही. आता समजा, पाठीमागे शत्रू आहेत, पुढे नदी आहे, आणि मांत्रिक म्हणतो, ‘मी नदी गोठवतो.’ सूत्रधाराने काय म्हणावे?

नाही म्हणणाऱ्याचा युक्तिवाद सबळ आहे. जेथे वस्तूंवर परिणाम अभिप्रेत होता तेथे ग्रंथाने तो सांगितला. येथे सांगितला नाही, म्हणून तो अभिप्रेत नाही. शिवाय पाणी गोठवणारा एक निराळा किरकोळ मंत्र नंतरच्या पुरवणी ग्रंथात आहेच. होय म्हणणारा सांगेल की, जो झोत सजीव देहाचा हिमपुतळा करतो तो पाण्याला स्पर्शही करू शकत नाही, हे म्हणणे शब्दाला धरून असले तरी बुद्धीला धरून नाही.

ह्या वादाची मांडणी करण्यास भारतीय वाचकाला परक्या शास्त्राकडे जाण्याची गरज नाही. जैमिनीच्या पूर्वमीमांसेत वाक्याचा विनियोग ठरवणारी सहा प्रमाणे सांगितली आहेत: श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. दोहोंत विरोध आला तर आधीचे बलवत्तर, नंतरचे दुर्बल. इंद्राची स्तुती करणारी ऋचा असली तरी तिने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे असे प्रत्यक्ष विधान असेल, तर ऋचेच्या शब्दसामर्थ्याला त्या विधानापुढे नमते घ्यावे लागते. पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात ह्या अर्थनिर्णयपद्धतीचा धर्मशास्त्राशी असलेला संबंध विस्ताराने दाखविला आहे. ही कसोटी लावली म्हणजे दिसते की, ‘मंत्राचे नावच शीत आहे’ असे म्हणणारा खेळाडू समाख्येवर, म्हणजे सर्वांत दुर्बळ प्रमाणावर, उभा आहे. हिमपुतळ्याच्या वाक्यावरून झोताचे सामर्थ्य ताडणारा लिंगाचा आश्रय घेतो आणि त्याची बाजू पुष्कळ बरी आहे. त्याच्या विरुद्ध प्रत्यक्ष निषेध नाही. आहे ते केवळ मौन. मौनाला श्रुतीचे बळ देणे ही नियमनिष्ठा नव्हे. तेव्हा नदीचा पृष्ठभाग क्षणभर गोठला, पण तो किती जणांचा भार सोसेल हे फाशाने ठरेल, असा निर्णय देणारा सूत्रधार ग्रंथाशी अधिक प्रामाणिक ठरतो.

वर्णनपर वाक्यांचा प्रश्नही असाच आहे. नियमग्रंथातील काही वाक्ये विधायक असतात, काही केवळ शोभेची. शोभेची वाक्ये निरर्थक मानावीत, असा अनेक खेळाडूंचा कल असतो. मीमांसकांनी अर्थवादाला असे टाकून दिले नाही; विधीशी एकवाक्यता साधून त्याला अर्थ दिला. हा विवेक त्यांच्यापासून घेण्याजोगा आहे.

मात्र येथे साम्य संपते. मीमांसकांचा वेद अपौरुषेय. त्याच्या कर्त्याला विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ह्या खेळाचे कर्ते मात्र हयात असतात आणि उत्तरेही देतात. ‘ड्रॅगन’ मासिकात खेळाडूंच्या शंकांचे निरसन करणारे एक सदरच पुष्कळ वर्षे चालले. पण ती उत्तरेही अखेर वाक्येच असतात, आणि नव्या प्रसंगी त्यांचाही अर्थ लावावा लागतो.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. न्यायाधीश वादाचे कारण निर्माण करीत नाही. सूत्रधार मात्र नदीही तोच आणतो आणि ती गोठेल की नाही हेही तोच सांगतो. हा दुहेरी अधिकार कोठून आला ते इतिहासावरून कळते. 1824 साली प्रशियातील फॉन राइस्विट्स ह्याने सैनिकी अधिकाऱ्यांसाठी युद्धक्रीडेचे नियम छापले. त्यात तटस्थ पंच होता, पण त्याचे हात कोष्टकांनी व फाशांनी बांधलेले होते. ती कोष्टके जड झाली, तेव्हा 1876 साली फेर्डी द्यू व्हेर्नुआ ह्याने ती बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवली. पंचाला मोकळीक देणारे अमेरिकन अधिकारी टॉटन ह्याचे 1880 चे पुस्तक पुढे डेव्हिड वेस्ली ह्याच्या हाती पडले. त्याने 1969 साली मिनेसोटात खेळवलेल्या ‘ब्राउन्स्टाइन’ ह्या खेळात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती दिली. आर्नेसन त्याच मंडळीतला. म्हणजे कोष्टक की विवेक हा तंटा ह्या खेळाच्या जन्माआधीचाच आहे. गायगॅक्सने 1979 च्या मार्गदर्शक ग्रंथात नियमाच्या अक्षरापेक्षा त्याच्या आशयाला मान दिला आणि शेवटचा शब्द सूत्रधाराकडे ठेवला.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला येथे विष्णुदास भाव्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1843 साली सांगलीस झालेल्या ‘सीतास्वयंवरा’त सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत, त्यामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. कोकणच्या दशावतारात ही उत्स्फूर्तता आजही जिवंत आहे. परंतु भाव्यांच्या सूत्रधाराला धनुष्य मोडणार हे ठाऊक होते. फाशाच्या खेळात ते न मोडण्याचाही संभव असतो, आणि तोच संभव सूत्रधाराला सर्वांत असह्य होतो.

म्हणूनच तो पडद्याचा आश्रय घेतो. सूत्रधारासमोर पुठ्ठ्याचा एक आडपडदा उभा असतो. त्यामागे तो आपले फासे टाकतो. एखाद्याच्या आवडत्या पात्राला मृत्यू आणणारा अंक पडला, तर तो गुपचूप बदलून सांगण्याचा मोह त्याला होतो, आणि कथेच्या भल्यासाठी हे क्षम्य आहे असे पुष्कळ जाणते सूत्रधार मानतात. हे मत स्वीकारता येत नाही. नियम उघडपणे बाजूला ठेवणे हा अर्थनिर्णय आहे. त्यावर इतरांना आक्षेप घेता येतो. अंक लपवणे हा अर्थनिर्णयच नव्हे, कारण ज्याचा अर्थ लावायचा ती संहिताच तेथे बदललेली असते आणि वाचकाला ते कळू दिलेले नसते. फासा कथेला मान्य नसेल, तर तो टाकूच नये.

निर्णय देणारा कोणीच नसला म्हणजे काय होते, हे महाभारताच्या सभापर्वाइतके कठोरपणे अन्यत्र क्वचितच दाखवले गेले असेल. स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला आपल्याला पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न खेळाच्या नियमाचा प्रश्न आहे. विकर्ण एक अर्थ सांगतो, कर्ण तो खोडून काढतो, भीष्म धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखवून थांबतात. फासे शकुनीच्या हाती होते. अर्थ मात्र कोणाच्याच हाती नव्हता.

बंगळूरच्या मराठी खेळाडूंपुढे आणखी एक अडचण असते. नियमग्रंथ इंग्रजी, आणि बोलणे मराठीत, मध्येच कन्नड वा हिंदी. ‘मी हळूच मागून जातो’ असे खेळाडू म्हणतो. हळूच म्हणजे चोरपावलांनी, की सावकाश, की कोणाला न दुखवता? नियमाला पहिलाच अर्थ ठाऊक आहे. ‘मी पहारेकऱ्याला पटवतो’ ह्या वाक्यातही मन वळवणे, थाप मारणे आणि गोड बोलून गळ घालणे हे सारे एकत्र नांदते. ग्रंथात मन वळवणे, फसवणे व दरडावणे ह्यांची कौशल्ये वेगवेगळी आहेत आणि त्यांचे अंकही वेगवेगळे. सूत्रधाराने मनाशीच एक अर्थ धरून फासा टाकायला लावला, तर खेळाडूच्या वाक्याचे भाषांतर त्याने परस्पर केले असे होते. पहारेकऱ्याला नेमके काय सांगितलेस, हे आधी विचारणे हाच त्यावर उपाय. बहुधा खेळाडू मग ते वाक्य प्रत्यक्ष बोलून दाखवतो, आणि त्याच्या शब्दयोजनेवरूनच कौशल्य ठरते. दिलेले निर्णय वहीत टिपून ठेवण्याची चाल काही सूत्रधारांत आहे. अशा वहीत ‘पटवणे’च्या पुढे दोनतीन वेगवेगळे निर्णय, प्रत्येकाचा प्रसंग शेजारी लिहून, सुखाने नांदू शकतात.