नातवंडांचे भांडण आणि आपला निवाडा

रिमोटवरून नातवंडे हातघाईवर आली, की आपण निवाडा देऊन मोकळे होता : ‘तू मोठा आहेस, तूच सोड.’ घर शांत होते. पण मोठ्याच्या मनात अन्यायाचा सल राहतो आणि रडले की मिळते, एवढेच धाकटा शिकतो.

रागाच्या भरात शरीरात ॲड्रेनलिन स्रवते, छाती धडधडते, श्वास जलद होतो. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर सुमारे २५ वर्षांपर्यंत परिपक्व होत असतो. त्यामुळे त्या क्षणी केलेला उपदेश वाया जातो. प्रथम दोघांना वेगळे बसवावे, पाणी द्यावे, श्वास संथ होऊ द्यावा. मग एकाने ‘मला राग आला, कारण...’ असे सांगावे. दुसऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे आणि मगच आपली बाजू मांडावी. तोडगा मुलांनाच सुचवू द्यावा. मारहाण होत असेल, तर मात्र तत्काळ मध्ये पडावे.

आणखी एक. सूनबाईंशी मतभेद झाल्यावर आपण अबोला धरता की बोलून मिटवता, हे नातवंडे रोज पाहत असतात. त्यांच्यासमोर झालेला वाद त्यांच्यासमोरच मिटवावा.