जुन्या दूरध्वनी यंत्रणेस इंटरनेटची जोड

मुखेड परिसरातील एखाद्या तांड्यावर मध्यरात्री सर्पदंश झाला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न 'डॉक्टर आहेत का?' हाच असतो आणि तो दूरध्वनीवरूनच विचारला जातो. म्हणूनच रुग्णालयाच्या दूरध्वनी यंत्रणेस इंटरनेटची जोड देण्याचा विचार करताना आम्ही बचतीपेक्षा विश्वासार्हतेस अधिक महत्त्व दिले आहे. ही जोडणी कशी असते, हे देणगीदार व रुग्णांच्या कुटुंबीयांस सोप्या शब्दांत सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

वॉर्ड, औषधालय व प्रयोगशाळा येथील फोन ईपीएबीएक्स या अंतर्गत एक्स्चेंजला जोडलेले असतात. त्यांपैकी काहीही बदलावे लागत नाही. एक्स्चेंज व इंटरनेट यांच्यामध्ये 'गेटवे' नावाची पेटी बसविली जाते. एक्स्चेंजला ती बाहेरची नेहमीचीच लाइन वाटते. ही पेटी आवाजाचे सेकंदाला ८००० वेळा मापन करून तो अंकरूपात, लहान लहान तुकड्यांनी पाठविते. एका संभाषणास जाता-येता प्रत्येकी सुमारे ९० किलोबिट वेग पुरतो. मात्र त्याच वेळी एक्स-रेची चित्रे पाठविली जात असतील, तर आवाज तुटू शकतो. त्यासाठी राउटरमध्ये आवाजास अग्रक्रम द्यावा लागतो.

भारतात सन २००२ मध्ये इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. परंतु देशांतर्गत साध्या फोनशी जोडण्याची मुभा तेव्हा नव्हती. सन २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांचा हा मार्ग मोकळा केला. त्यामुळे अशी सेवा व तिचा क्रमांक परवानाधारक कंपनीकडूनच घेणे आवश्यक आहे.

खरी अडचण विजेची आहे. तांब्याच्या तारेच्या लाइनला दूरध्वनी केंद्रातील बॅटरीतूनच सुमारे ४८ व्होल्ट वीज मिळते. म्हणून गावातील वीज गेली तरी त्यावरील साधा फोन चालतो. गेटवे, मोडेम व ईपीएबीएक्स मात्र वीज जाताच बंद पडतात. इंटरनेटची तार तुटली, तरी नव्या लाइनी मुक्या होतात.

यास्तव अपघात विभागातील जुनी लाइन एक्स्चेंजमधून न नेता थेट साध्या फोनवर ठेवावी, १०८ रुग्णवाहिकेसाठी तेथे एक मोबाइलही असावा आणि नव्या यंत्रणेच्या अंदाजपत्रकात बॅटरी व इन्व्हर्टरचा खर्च आरंभीच धरावा, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे. देणगीदारांनीही या न दिसणाऱ्या खर्चास यंत्राइतकेच मोल द्यावे, ही नम्र अपेक्षा.